आकडा उरला, हक्क विरला

सरकारी आयोगांच्या अहवालांचे आयुष्य सहसा फार नसते. मंत्र्यांच्या हाती प्रत सोपविल्याचे छायाचित्र निघते, संसदेत एखाददुसरा प्रश्न विचारला जातो, ग्रंथालयाच्या मांडणीत आणखी एका खंडाची भर पडते आणि विषय संपतो. असंघटित क्षेत्रातील उद्योगांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाने ऑगस्ट २००७ मध्ये सादर केलेला अहवाल या नियमाला अपवाद ठरला. देशातील ७७ टक्के लोक, म्हणजे सुमारे ८३ कोटी ६० लाख माणसे, दिवसाला वीस रुपयांवर गुजराण करतात, हे त्यातील विधान पुढे वर्षानुवर्षे अर्थसंकल्पावरील चर्चेत, महागाईवरील स्थगन प्रस्तावांत आणि निवडणुकीच्या सभांत ऐकू येत राहिले. सत्तांतर झाले की हा आकडा सांगणारी बाकेही बदलत. तो कोणी काढला आणि कशासाठी काढला, याची चौकशी मात्र क्वचितच कोणी केली.

आकडा काढणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष होते डॉ. अर्जुन सेनगुप्ता. श्रमाचे अर्थशास्त्र हा त्यांचा मूळ अभ्यासविषय नव्हता. तरीही भारतातील श्रमिकांच्या स्थितीची जी मांडणी आज धोरणकर्ते, न्यायालये आणि कामगार संघटना गृहीत धरतात, तिची बैठक त्यांच्याच आयोगाने घालून दिली. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी हाती घेतलेल्या कामावर एखाद्याचे नाव कायमचे कोरले जावे, असे आपल्याकडे विरळाच घडते.

सेनगुप्ता यांचा जन्म १९३७ सालचा, कोलकात्याचा. प्रेसिडेन्सी महाविद्यालयातील शिक्षणानंतर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतून त्यांनी अर्थशास्त्रातील डॉक्टरेट मिळविली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे अध्यापन केले. नंतर ते सरकारात आले. इंदिरा गांधी १९८० मध्ये सत्तेवर परतल्यानंतर पंतप्रधान कार्यालयात ते विशेष सचिव झाले. सार्वजनिक उद्योगांच्या फेरविचारासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले व तिचा अहवाल १९८४ च्या अखेरीस सादर झाला. मंत्रालयाने कंपनीच्या दैनंदिन कारभारात लुडबुड करू नये. वर्षाची उद्दिष्टे लेखी करारात नमूद करावीत, कंपनीला मोकळीक द्यावी आणि वर्षाअखेरीस हिशेब मागावा, ही त्या समितीची मुख्य सूचना. सार्वजनिक उद्योग व मंत्रालये यांच्यातील सामंजस्य कराराची जी पद्धत पुढे रूढ झाली, तिचे मूळ या अहवालात सापडते.

त्यानंतरचा प्रवास एखाद्या प्रतिष्ठित नोकरशहाला शोभेल असा आहे. १९८५ पासून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत भारताचे कार्यकारी संचालक व नंतर तेथेच व्यवस्थापकीय संचालकांचे सल्लागार, १९९० ते १९९३ युरोपीय समुदायात भारताचे राजदूत, १९९३ पासून पाच वर्षे नियोजन आयोगात. नाणेनिधीच्या कार्यालयात पाच वर्षे काढलेला अर्थतज्ज्ञ २००७ नंतर एकाएकी ‘डावा’ ठरविला गेला, ही दिल्लीतील शिक्के मारण्याच्या सवयीची गंमत म्हणावी लागेल. त्यांच्या लेखनात धक्कादायक असे वळण मला तरी दिसत नाही. बाजाराला त्यांचा विरोध कधीच नव्हता. राज्यसंस्थेने जे कबूल केले त्याचा हिशेब तिच्याकडून लेखी मागता आला पाहिजे, हा आग्रह १९८४ मध्ये होता आणि २००७ मध्येही होता.

या आग्रहाला तात्त्विक रूप मिळाले ते संयुक्त राष्ट्रसंघात. विकासाचा हक्क हा मानवी हक्क असल्याची घोषणा आमसभेने १९८६ मध्ये केली होती. पण त्या हक्काचा अर्थ काय, तो कोणी कोणाकडे मागायचा, यावर राष्ट्रांचे एकमत होत नव्हते. या विषयाचे स्वतंत्र तज्ज्ञ म्हणून सेनगुप्ता यांनी २००४ पर्यंत काम केले. त्यांची मांडणी थोडक्यात अशी : अन्न, आरोग्य, शिक्षण, अभिव्यक्ती हे सारे हक्क मिळून एक जुडी होते. त्यातील एक जरी पुढे सरकला आणि कोणताही दुसरा मागे गेला नाही, तरच त्याला विकास म्हणायचे. उत्पन्न वाढले, पण त्यासाठी कामगाराची सुरक्षितता गेली, तर या व्याख्येत तो विकास बसत नाही. पुढची चार वर्षे ते पराकोटीचे दारिद्र्य या विषयाचे स्वतंत्र तज्ज्ञ होते. त्या नात्याने २००५ मध्ये त्यांनी पाहणीसाठी निवडलेल्या देशांत चक्क अमेरिकाही होती.

दरम्यान दिल्लीत राजकारण पालटले होते. २००४ च्या निवडणुकीत काँग्रेसने ‘आम आदमी’ची हाक दिली आणि डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर संयुक्त पुरोगामी आघाडीचे सरकार आले. किमान समान कार्यक्रमातील आश्वासनानुसार २० सप्टेंबर २००४ रोजी हा आयोग स्थापन झाला. के. पी. कन्नन, रवि श्रीवास्तव, टी. एस. पपोला यांसारखे श्रमविषयाचे जाणकार वेगवेगळ्या काळात त्याचे सदस्य होते. आयोग मात्र जोडला गेला लघुउद्योग मंत्रालयाला. ज्यांच्यासाठी कायदा करायचा ते श्रमिक श्रम मंत्रालयाच्या अखत्यारीत, पैसा अर्थ मंत्रालयाच्या तिजोरीत आणि मसुदा लिहिणारे तिसऱ्याच मंत्रालयाच्या छत्राखाली, अशी ही रचना होती. सरकारी कामकाजाशी परिचय असलेल्यांना पुढे काय वाढून ठेवले आहे, याचा अंदाज तेव्हाच आला असावा.

पहिला प्रश्न होता तो मोजणीचा. असंघटित कामगार म्हणजे नेमका कोण? आयोगाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. दहापेक्षा कमी माणसे काम करतात असा खासगी, नोंदणीकृत कंपनी नसलेला व्यवसाय हे असंघटित क्षेत्र. असंघटित कामगार ही व्याख्या त्याहून व्यापक. कोणत्याही क्षेत्रात असो, ज्याला मालकाकडून नोकरीची वा सामाजिक सुरक्षेची हमी नाही तो असंघटित. ही व्याख्या लावून नमुना पाहणीची आकडेवारी तपासली, तेव्हा २००४-०५ मधील सुमारे ४५ कोटी ८० लाख श्रमिकांपैकी ९२ टक्के असंघटित निघाले. त्याहूनही अस्वस्थ करणारा निष्कर्ष संघटित क्षेत्राविषयी होता. मोठ्या कारखान्यांत, कचेऱ्यांत व कंपन्यांत काम करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना कोणतेही संरक्षण नव्हते. १९९९-२००० नंतरच्या पाच वर्षांत देशात सुमारे सहा कोटी रोजगार वाढले, पण संरक्षित नोकऱ्यांची संख्या साडेतीन कोटींच्या आसपास जागच्या जागी राहिली. संघटित क्षेत्रात जी भर पडली ती कंत्राटी व हंगामी माणसांची होती. अर्थव्यवस्था मोठी होत जाईल तशी माणसे आपोआप सुरक्षित नोकऱ्यांत सामावली जातील, या समजुतीला या तक्त्यांनी दिलेले उत्तर आजही खोडून काढता आलेले नाही.

आता त्या प्रसिद्ध आकड्याविषयी. आयोगाने लोकसंख्येचे सहा थर पाडले : अतिगरीब, गरीब, काठावरचे, असुरक्षित, मध्यम उत्पन्नाचे आणि उच्च उत्पन्नाचे. सीमारेषा होती अधिकृत दारिद्र्यरेषेच्या दुपटीची. तिच्याखालील चार थर मिळून ७७ टक्के होतात. वीस रुपये ही या चारांतील सर्वांत वरच्या, ‘असुरक्षित’ थराची दरडोई दैनिक खर्चाची सरासरी होती. चारही थरांची एकत्र सरासरी सोळा रुपयांच्या आसपास होती. भाषणांत याचे ‘वीस रुपयांपेक्षा कमी’ असे झाले आणि तसेच रूढ झाले. टीकाकारांनी यावर बोट ठेवले, नमुना पाहणीत खर्च कमी नोंदविला जातो असाही आक्षेप घेतला. आक्षेप अगदीच निराधार नव्हते. परंतु आयोगाचा मुद्दा वेगळा होता. दारिद्र्यरेषेखालील लोकांचे प्रमाण घटले होते, हे अहवालाने लपविले नाही. रेषा ओलांडलेली माणसे गेली कोठे, हे त्याने दाखविले. ती रेषेच्या लगतच उभी होती. एकूण लोकसंख्येतील ३६ टक्के एकट्या ‘असुरक्षित’ थरात होते. घरातील एक आजारपण, एक बुडालेला हंगाम, की पुन्हा खाली. अनुसूचित जाती-जमातींतील ८८ टक्के लोक या चार थरांत मोडत होते. ज्याच्या नावाने सरकार निवडून आले त्या ‘आम आदमी’ची अशी शिरगणती सत्ताधाऱ्यांना सोयीची वाटली नाही, यात नवल नाही. नियोजन आयोगाच्या लेखी तेव्हा गरिबांचे प्रमाण २७.५ टक्के होते. तेंडुलकर समितीने २००९ मध्ये त्याच वर्षासाठी ते ३७.२ टक्के ठरविले.

खरा गाभा होता तो आयोगाने त्याआधीच, मे २००६ मध्ये, दिलेल्या सामाजिक सुरक्षेच्या अहवालात. योजना विलक्षण साधी होती. कामगाराने दिवसाला एक रुपया द्यावा, मालकाने एक, सरकारने एक. वर्षाला माणशी १,०९५ रुपये. कामगार दारिद्र्यरेषेखालील असेल तर त्याचा रुपया केंद्राने भरावा. त्यातून रुग्णालयाचा खर्च, बाळंतपणाचे साहाय्य, मृत्यूनंतर कुटुंबाला विम्याची रक्कम आणि साठी उलटलेल्या गरीब श्रमिकाला महिना २०० रुपये निवृत्तिवेतन. पाच वर्षांत ३० कोटी कामगारांपर्यंत पोहोचायचे होते आणि तेव्हाही एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याच्या आत राहिला असता. रक्कम फारशी नव्हती. वेगळेपण होते कायद्याच्या भाषेत. हे किमान लाभ कायद्यातच लिहावेत, म्हणजे ते न मिळाल्यास कामगाराला दाद मागता येईल, असा मसुदा आयोगाने सरकारच्या हाती ठेवला. शेतमजूर व अल्पभूधारकांसाठी आणि इतर असंघटित कामगारांसाठी पुढे दोन स्वतंत्र मसुदेही सुचविले.

योजनेत एक कच्चा दुवा होता, हे मान्य केले पाहिजे. रोज नव्या मालकाकडे राबणाऱ्या माणसाच्या नावे मालकाचा रुपया गोळा कोण करणार? मराठी वाचकाला या प्रश्नाचे एक उत्तर ठाऊक आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीनंतर १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्यातील मंडळाकडे हमालाचीही नोंद होते आणि मालकाचीही. मालक मजुरी व तिच्यावरील ठराविक आकार मंडळात भरतो आणि भविष्यनिर्वाह निधीपासून वैद्यकीय मदतीपर्यंतचे लाभ मंडळामार्फत कामगाराला मिळतात. मालक रोज बदलला तरी खाते एकच राहते. केरळातही व्यवसायवार कल्याण मंडळे होती. सेनगुप्तांची योजना एकाच वेळी साऱ्या देशाला व साऱ्या व्यवसायांना लागू करायची होती. बाजार समितीच्या आवारात जे जमते ते विखुरलेल्या घरकामगारांच्या वा कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांच्या बाबतीत जमविणे सोपे नव्हते. पण ही अंमलबजावणीची अडचण होती. हक्क नाकारायला ती पुरेशी नव्हती, आणि सरकारने तो नाकारला तोही या कारणासाठी नव्हे.

सरकारचे विधेयक १० सप्टेंबर २००७ रोजी राज्यसभेत आले. पश्चिम बंगालमधून अपक्ष म्हणून २००५ मध्ये निवडून आलेले सेनगुप्ता त्याच सभागृहाचे सदस्य होते. विधेयकात किमान लाभांचा तक्ता नव्हता, कायमस्वरूपी निधी नव्हता, दाद मागण्याची वाट नव्हती. विधेयक श्रमविषयक स्थायी समितीकडे गेले. सुरवरम सुधाकर रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने डिसेंबर २००७ मध्ये त्यावर अहवाल दिला. एक महत्त्वाची दुरुस्ती झाली : शीर्षकातील ‘क्षेत्र’ हा शब्द गळाला. त्यामुळे संघटित क्षेत्रात राबणारा असुरक्षित कामगारही व्याख्येत आला. आयोगाची व्याख्या कायद्यात शिरली, आयोगाचा हक्क दाराबाहेर राहिला.

त्याच वर्षी, फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात, शेतकऱ्यांसाठी ६० हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली. तिची गरज नव्हती असे कोणी म्हणणार नाही. मात्र एकदाच द्यायचा पैसा आणि दरवर्षी द्यावा लागणारा पैसा यांकडे तिजोरीचे रखवालदार वेगवेगळ्या नजरेने पाहतात. कर्जमाफीला तारीख असते, जाहिरात असते, निवडणुकीपूर्वीचा मुहूर्त असतो. कायद्यातील किमान लाभ पुढच्या प्रत्येक अर्थमंत्र्याचे हात बांधतो. ऑगस्ट २००५ मध्ये ग्रामीण रोजगार हमीच्या बाबतीत हे हात बांधून घेण्यास सरकार राजी झाले होते, कारण तेव्हा राष्ट्रीय सल्लागार परिषदेचा रेटा होता, डाव्यांचा पहारा होता आणि महाराष्ट्राच्या १९७७ च्या कायद्याचा दाखला हाताशी होता. जुलै २००८ मध्ये अणुकरारावरून डाव्यांनी पाठिंबा काढून घेतला. त्यानंतर ऑक्टोबरात राज्यसभेने आणि डिसेंबरात लोकसभेने असंघटित कामगारांचे विधेयक मंजूर केले. मुंबईवरील हल्ल्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. सभागृहाचे आणि देशाचे लक्ष राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या विधेयकावर होते. सुमारे बेचाळीस कोटी माणसांशी संबंधित कायद्याची वृत्तपत्रांत किती जागा व्यापली जाणार होती, हे वेगळे सांगायला नको.

असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायदा, २००८ या नावाने जे अस्तित्वात आले ते असे : केंद्र सरकार वेळोवेळी योग्य त्या कल्याणकारी योजना आखील. कोणत्या, किती रकमेच्या, कधीपर्यंत, यावर मौन. सोबतच्या अनुसूचीत दहा योजनांची नावे, त्यातील अनेक आधीपासूनच चालू असलेल्या. श्रममंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय मंडळ, त्याचे काम सल्ला देण्याचे. एप्रिल २००९ मध्ये आयोगाने रोजगाराच्या आव्हानावरील आपला शेवटचा मोठा अहवाल दिला व त्याची मुदत संपली. २६ सप्टेंबर २०१० रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी सेनगुप्ता यांचे दिल्लीत निधन झाले, तेव्हा ते राज्यसभेचे सदस्य होते.

योजना मात्र येत राहिल्या. २००८ मध्ये दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना वर्षाला ३० हजारांपर्यंत रुग्णालय खर्च देणारी राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना सुरू झाली. २०१८ मध्ये आयुष्मान भारतने तिची जागा घेतली. सुरक्षेच्या बाजूने खरोखर पुढे पडलेले पाऊल कोणते, असे विचारले तर हेच नाव घ्यावे लागेल. वृद्धापकाळाची गोष्ट निराळी. २०१२ मध्ये बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने पेन्शन परिषदेने दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरले, ते सर्व श्रमिकांना सन्मानाने जगता येईल एवढे निवृत्तिवेतन हक्काने मिळावे म्हणून. २०१९ मध्ये असंघटित कामगारांसाठी ऐच्छिक, वर्गणीवर आधारलेली योजना आली : दरमहा ५५ ते २०० रुपये भरा, सरकार तेवढेच भरील, साठीनंतर तीन हजार मिळतील. नोंदणी पन्नास लाखांच्या आसपास रेंगाळली. आज तिशीत असलेल्या बिगाऱ्याने पुढील तीस वर्षे न चुकता हप्ता भरावा, ही अपेक्षा करणाऱ्यांनी बिगाऱ्याच्या वर्षातील बारा महिने पाहिलेले नसावेत.

कायदा होऊनही कामगारांची नोंदणी झालेली नव्हती, हे २०२० च्या टाळेबंदीत रस्त्यांवर दिसले. स्थलांतरितांचे तांडे पायी निघाले, तेव्हा ते किती आहेत, कोठले आहेत, हे कोणत्याच सरकारी वहीत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये सरकारला खडसावल्यानंतर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ई-श्रम’ नोंदणी सुरू झाली. तीत आता ३० कोटींहून अधिक नावे आहेत. सेनगुप्तांनी पाच वर्षांत गाठण्यासाठी ठरविलेला आकडाही ३० कोटींचाच होता, फरक एवढाच की त्यांच्या योजनेत नोंदणीबरोबर लाभ सुरू व्हायचे होते.

२००८ चा कायदा आता राहिलेला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये विरोधकांच्या बहिष्कारात राज्यसभेने मंजूर केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो विलीन झाला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्याच्या जागीही डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा आणला. संहितेत एक गोष्ट खरोखरच नवी आहे : घरपोच सेवा व प्रवासी वाहतूक पुरविणाऱ्या ॲप-कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या निधीत भरायची आहे. मालक नेमका कोण हे न ठरणाऱ्या व्यवसायात पैसा कोठून वसूल करायचा, या जुन्या प्रश्नाचे हे बरेचसे माथाडी पद्धतीचे उत्तर आहे. त्या निधीतून मिळणाऱ्या लाभांचे किमान प्रमाण मात्र संहितेत नाही. असंघटित कामगारांविषयीच्या प्रकरणात तर २००८ च्या कायद्यातील तेच वाक्य थोड्याफार फरकाने पुन्हा आले आहे : सरकार वेळोवेळी योग्य त्या योजना आखील. आयोगाने २००६ मध्ये सुचविलेले निवृत्तिवेतन महिना २०० रुपयांचे होते; वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरिबांसाठी केंद्राचा वाटाही २०० रुपये ठरला. त्यानंतर अनेक अर्थसंकल्प आले, स्थायी समित्यांनी वाढीची शिफारस केली, सदस्यांनी प्रश्न विचारले. वाटा अजून २०० रुपयेच आहे.